हिरव्या ठिपक्याची ड्यूटी

प्रल्हादरावांनी रुमालाने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि उजवा हात माऊसवर ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यातला पिवळा ठिपका हिरवा झाला.

"बसलो मी," ते म्हणाले. "तू जा, पड जरा."

देवांग शेजारच्या खोलीत जाऊन पलंगावर आडवा झाला. पहाटे हैदराबादच्या टीमबरोबर कॉल, नाश्त्यापासून इथल्या लोकांबरोबर मीटिंगा, आणि दुपारी पोटात चार घास गेले की डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागत. बाहेर टेक्ससमधल्या प्लेनोचं ऊन रणरणत होतं, खिडकीचे पडदे ओढलेले होते, आणि भिंतीपलीकडे आपला बाप आपली नोकरी सांभाळत बसला आहे, या विचाराने त्याला फार निवांत झोप लागली. खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

हे सुरू झालं ते अगदी साध्या गोष्टीतून. उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीने बरीच माणसं काढली आणि जी उरली त्यांच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर बसवलं. माणूस काम करतो की नाही हे बघायचं, तर त्याचं काम बघावं. एवढी साधी अक्कल इतक्या शिकलेल्या मंडळींना सुचली नाही. माऊस हलतो का, हे बघायचं ठरलं. हलला की ठिपका हिरवा. थोडा वेळ हलला नाही की पिवळा, आणि पिवळा फार वेळ राहिला की मॅनेजरला निरोप. आता देवांगचं काम डोक्याचं. एखादा गुंता सोडवायचा तर तो कागद-पेन्सिल घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायचा, आणि त्या येरझाऱ्यांतूनच त्याला उत्तर सापडायचं. नव्या हिशेबात तो तेवढा वेळ कामचुकार ठरू लागला. एकदा चहा घेऊन वर आलेल्या प्रल्हादरावांनी त्याला एका हाताने माऊस ढकलत दुसऱ्या हाताने कागदावर लिहिताना पाहिलं आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. देवांगने हसत हसत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"एवढंच ना? हात ठेवून बसायचं?" ते म्हणाले. "मग मी बसतो की. मला तरी काय उद्योग आहे इथे?"

उद्योग खरंच नव्हता. बायको गेल्यावर ते नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते, म्हणून मुलाने आग्रहाने सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. मुलगा आणि सून जीव लावणारे, घर मोठं, फ्रिज भरलेला. पण गाडीवाचून कोपऱ्यावर दूध आणायला जायची सोय नाही, आणि गाडी त्यांना येत नाही. सकाळी सोसायटीच्या तळ्याला एक फेरी मारायची, तिथली बदकं आणि आपल्यासारखेच मुलांकडे आलेले दोन-चार आईबाप बघायचे, की संपला दिवस. आपण या घरात जास्तीचं सामान झालो आहोत, असं त्यांना आतून वाटत होतं. त्यामुळे ही ड्यूटी त्यांनी अशी काही मनावर घेतली, की विचारू नका.

पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर अनुरेखक म्हणून काम केलं होतं. धरणांचे, कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवून काढायचे. रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, कुठे दम घेतलेला नाही. प्रल्हादचा हात म्हणजे मशीन आहे, असं साहेब लोक म्हणायचे, आणि ते त्यांना आवडायचं. देवांगलाही अक्षर शिकवलं ते त्यांनीच, त्याचा हात आपल्या हातात धरून. तोच हात माऊसवर ठेवून ते सरकारी शिस्तीत बसू लागले. जेवण उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर. सुरुवातीला ते माऊस जाणूनबुजून गोल गोल फिरवत आणि तासाभराने खांदा भरून आला म्हणत. नंतर नंतर त्यांना ते सोपं जाऊ लागलं. एकीकडे डाव्या हातात पुस्तक धरून ते वाचत बसत आणि उजवीकडे ठिपका हिरवाच्या हिरवा.

"जमलं आता मला," त्यांनी एकदा अभिमानाने सांगितलं. "हात आपोआप चालतो."

त्यांच्या सुनेला, आसावरीला, हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. ती रोज हायवेने पाऊण तास गाडी चालवत ऑफिसला जायची, थकून यायची, आणि तरी घरातलं सगळं तिच्या नजरेत असायचं. नजरेत नसायचं ते दिवसभर घरात असणाऱ्या देवांगच्या. बाबा हल्ली चहा अर्धाच कप घेतात, असं ती म्हणाली, तर त्याने शुगरचं टेन्शन घेतलं असेल म्हणून सोडून दिलं. त्यांचा उजवा हात सारखा खिशात असतो म्हणाली, तर एसी जरा कमी ठेव म्हणाला. इस्त्रीचे शर्ट कपाटात गेले आणि बाबा डोक्यातून घालायचे टी-शर्ट वापरायला लागले, तेव्हा त्यानेच थट्टा केली, की घ्या, बाबा पक्के अमेरिकन झाले. प्रल्हादरावही हसले. हसताना त्यांनी हात पाठीमागे घेतला होता.

ऑगस्ट संपत आला असताना एका सकाळी देवांगला मॅनेजरकडून मीटिंगचं बोलावणं आलं. विषय लिहिलेला नव्हता. बोलावण्यात मॅनेजर राजच्या नावाखाली एचआरमधल्या नीनाचं नाव होतं, आणि ते वाचून देवांगच्या तोंडचं पाणी पळालं. एचआर मीटिंगला कधी येतं हे त्याने माणसं काढली तेव्हा पाहिलेलं होतं. त्याची नोकरी व्हिसाला बांधलेली, व्हिसाला घर बांधलेलं, घराला कर्ज. एक दोरी सुटली की सगळा संसार सूटकेसमध्ये भरायचा. आसावरीला मेसेज करावा असं त्याच्या मनात आलं, पण ती त्या वेळी गाडी चालवत असणार.

राज इथेच वाढलेला, बोलायला गोड आणि कामाला कोरडा. त्याने हवापाण्याच्या दोन वाक्यांनंतर पडद्यावर एक आलेख आणला. देवांगच्या माऊसचा. वरची रेघ सकाळची होती, कुठे उंच उडालेली, कुठे सपाट पडलेली, माणसाने काढल्यासारखी. खालची रेघ दुपारची. तिच्यावर बारीक बारीक लाटा होत्या, एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी, रोजच्या रोज, न थकता. माणसाचा हात असा चालत नाही, राज इंग्रजीत समजावून सांगत होता. बाजारात माऊस हलवणारी छोटी यंत्रं मिळतात, ती अशी चालतात. आणि ही बघ मजा, जूनमध्ये या लाटा अगदी लहान आहेत, जुलैत वाढल्या, आता ऑगस्टमध्ये चांगल्या मोठ्या झाल्या आहेत. तू त्याचा जोर वाढवत नेलेला दिसतोयस.

देवांगला आधी हसूच आलं. एवढ्यावरून हा घोळ. कसलं यंत्र आणि कसलं काय, आमचे बाबा बसतात तिथे, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात नीना पहिल्यांदा बोलली.

तिने शांतपणे नियम वाचून दाखवला. यंत्र वापरलं असेल तर ती शेवटची ताकीद. यंत्र काढून टाकायचं आणि तसं लिहून द्यायचं. पण कंपनीच्या लॅपटॉपवर दुसरी कुणी व्यक्ती बसली असेल, मग ती घरातली का असेना, तर तो सुरक्षेचा भंग. त्याला ताकीद नाही. त्याला आजचा दिवस शेवटचा.

"सो, प्लीज," ती म्हणाली, "विचार करून उत्तर दे. हे डिव्हाइस आहे का?"

जिन्यावर पावलं वाजली. प्रल्हादराव वर येत असावेत. देवांगला दाराकडे बघायचं होतं, पण कॅमेरा चालू होता.

"हो," तो म्हणाला. "डिव्हाइस आहे."

राजने सुटकेचा निःश्वास टाकला, असल्या गोष्टी होतात, आता पुन्हा नको, असं काहीतरी म्हणाला आणि पुढच्या मीटिंगला जायचं म्हणून निघून गेला. त्याची चौकट पडद्यावरून नाहीशी झाली. नीनाची राहिली. तिने मान वळवून आपल्या मागचं दार लावलं आणि मग ती मराठीत बोलली. तिला मराठी येत असेल, हे त्याला माहीतच नव्हतं. शब्द शोधत, अडखळत ती बोलत होती.

"हे मी बोलले नाही, ओके? माझे आजोबा आमच्याकडे होते. त्यांचा हात असाच हलायचा. काम करताना नाही. नुसता ठेवला की." ती थांबली. "तुम्ही कोणाला तरी डॉक्टरला दाखवा. कोणाला, ते मला सांगू नका."

तिचीही चौकट गेली. तो आलेख मात्र देवांगला अजून दिसत होता. जूनच्या लहान लाटा, जुलैच्या, ऑगस्टच्या. अर्धा कप चहा. खिसा. टी-शर्ट. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि त्याने काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. जे लेकाला दिसलं नाही ते एका दीडदमडीच्या सॉफ्टवेअरने टिपून ठेवलं होतं, तेही चोरी म्हणून. आणि त्या सॉफ्टवेअरपुढे त्याने आत्ता आपल्या बापाला काय म्हटलं होतं, ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर चहाचा कप ठेवलेला होता. अर्धा भरलेला. पायरीवर दोन-तीन थेंब सांडलेले होते.

प्रल्हादराव खाली जेवणाच्या टेबलाशी बसून भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे बघत होते. उजवा हात खिशात होता. देवांग समोरची खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी बसला.

"बाबा, हात बघू."

त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. मग हळूच हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, एका लयीत, अगदी त्या आलेखासारखी.

कधीपासून आहे, असं त्याने विचारलं. देवांगची आई होती तेव्हा नुसता अंगठा हलायचा, ते म्हणाले, आणि तिला वाटायचं मी मनातल्या मनात जप करतोय. इथे येऊन वाढलं. मग सांगितलं का नाही, असं देवांगने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज चढला.

"सांगून काय करणार होतास?" प्रल्हादराव म्हणाले. "पाहुण्यांचा विमा असल्या जुन्या दुखण्याला चालत नाही. तो कागद मी वाचलाय. आणि तुझ्या डोक्याला काय कमी आहे?"

ते हाताकडे बघतच पुढे बोलले.

"खरं सांगू? त्या खुर्चीत मला बरं वाटायचं. दिवसभर हा दाबून ठेवायचा, खिशात, मांडीखाली. चारचौघांत जायचं तर जीव मुठीत. तिथे तेवढं याला सोडून देता यायचं. आयुष्यभर याच हाताची भाकरी खाल्ली, तर म्हटलं, जाता जाता तुझ्याही कामी येतोय."

"बाबा, मी मघाशी—"

"ऐकलं मी. बरोबर सांगितलंस. दुसरं काही बोलला असतास तर मीच रागावलो असतो." मग ते किंचित हसले. "साहेब लोक मशीन म्हणायचेच की मला."

हे त्यांनी त्याला हसवायला म्हटलं होतं. देवांगने चेहरा दोन्ही तळव्यांत झाकून घेतला. प्रल्हादरावांनी डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं, लहानपणी ताप आला की थोपटायचे तसं, आणि मग नेहमीच्या आवाजात सांगितलं, की परतीचं तिकीट अलीकडचं करून टाक. नागपूरला ओळखीचे डॉक्टर आहेत. वरच्या मजल्यावरची मंडळी चांगली आहेत, डबा लावता येईल. देवांग नाही म्हणाला, इथेच काहीतरी बघू म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळत होतं की तो नुसता म्हणतोय. काय बघणार होता तो? उद्या पहाटे हैदराबादचा कॉल होता.

"वर जा," प्रल्हादराव म्हणाले. "तुझा ठिपका पिवळा झाला असेल."

तो वर गेला. ठिपका पिवळा झालेलाच होता आणि नीनाकडून एक पत्र येऊन पडलं होतं, कोरडं, नियमाच्या भाषेतलं. ते वाचता वाचता त्याला मागे चाहूल लागली. प्रल्हादराव जिना चढून आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याशी वाकून ते एकेक शब्द वाचू लागले, नकाशाखालच्या टिपा वाचाव्यात तसे.

सदर उपकरण कामाच्या जागेवरून कायमचं हटवण्यात आलं आहे, असं एक वाक्य होतं. त्याखाली 'होय' असं बटण. ते दाबलं की प्रकरण मिटणार होतं. आज संध्याकाळपर्यंत दाबायचं होतं.

"मग दाब ना," ते म्हणाले. "कशाची वाट बघतोस?"

देवांगने माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"ऊठ, बघू दे मला."

तो उठला. प्रल्हादराव रोजच्या खुर्चीत बसले, खुर्ची पुढे ओढली आणि उजवा हात माऊसवर ठेवला. ठिपका हिरवा झाला. त्यांनी बाण हळूहळू खाली आणला, बटणाजवळ नेला. तिथे पोचल्यावर मात्र तो ठरेना. बटणाच्या डावीकडे जाई, उजवीकडे जाई, वरून खाली उतरे, पण बटणावर थांबत नसे. त्यांनी श्वास रोखला. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं. बोट दाबलं, पण ते नेमकं बाजूच्या कोऱ्या जागेत. धरणाच्या भिंतीची रेघ एका दमात ओढणारा माणूस नखाएवढं बटण दाबायला बसला होता, आणि ते त्याला साधत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"साधं एवढं जमू नये?" ते पुटपुटले.

देवांग त्यांच्या मागे उभा होता. त्याने वाकून आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. हात गरम होता, हाडं हाताला लागत होती, आणि आतून तो सारखा धडपडत होता. त्याने तो घट्ट धरला. बाण बटणावर थांबला. दोघांपैकी कुणाचं बोट आधी दाबलं गेलं, ते सांगता आलं नसतं.

धन्यवाद, अशी अक्षरं पडद्यावर उमटली.

"झालं?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"झालं, बाबा."

ते उठायला लागले, तसा देवांगने दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. ते पुन्हा बसले. त्याने धरलेला हात सैल केला, पण काढून घेतला नाही. त्याच्या तळव्याखाली तो हात पुन्हा आपल्या लयीत हलू लागला, त्याबरोबर माऊस, आणि पडद्यावर बाणही. हे सगळं कुठेतरी नोंदलं जात होतं, लाटेमागून लाट, आणि ते कुणाच्या पुढ्यात जाणार हे देवांगला पक्कं माहीत होतं. प्रल्हादरावांनाही ते कळत होतं. त्यांनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला.

"अरे, सोड. दिसेल त्यांना."

"दिसू दे," देवांग म्हणाला.

ठिपका हिरवा होता.